खोल पाटाचे गाव : शेन्झेन शहरातील जीवन

शेताशेतांमधून पाणी वाहून नेणाऱ्या पाटास दक्षिण चीनमधील लोक ‘झेन’ म्हणतात. ‘शेन’ म्हणजे खोल. भातखाचरांमधून वाहणाऱ्या अशा एका खोल पाटावरून ज्या गावास नाव पडले, तेथे आज ५९९ मीटर उंचीची इमारत उभी आहे, पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीचे मेट्रो-मार्ग आहेत आणि पावणेदोन कोटींहून अधिक माणसे राहतात. पाट मात्र शोधूनही सापडावयाचा नाही. हे शहर ग्वांगदोंग प्रांताच्या दक्षिण कडेस, हाँगकाँगला लागून वसले आहे. दोहोंच्या मध्ये शेन्झेन नावाचीच एक लहानशी नदी आहे. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस व समुद्रकाठी असल्यामुळे येथील हवा उष्ण व दमट असते; वर्षाकाठी सुमारे १,९०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात समुद्रावरून चक्रीवादळे येतात.

पाहुण्यांस या शहराची ओळख करून देताना ‘चाळीस वर्षांपूर्वी येथे मासेमाऱ्यांचे एक लहानसे खेडे होते’ असे सांगण्याची प्रथाच पडून गेली आहे. ही कथा ऐकावयास गोड आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे. मिंग राजवटीत, इ. स. १३९४ मध्ये, चाच्यांपासून किनाऱ्याचे रक्षण करण्यासाठी बांधलेला दापेंगचा कोट आजही येथे पाहावयास मिळतो. १९११ मध्ये कँटन व कौलून यांना जोडणारी रेल्वे या भागातून धावू लागली. ज्या बाओआन तालुक्याचे पुढे शहर झाले, त्यात १९७९ साली तीन लाखांहून अधिक लोक राहत होते. ते भात पिकवीत, लिचीच्या बागा राखीत, आणि शाजिंगच्या खाडीत शतकानुशतके कालवे जोपाशीत. त्यांची घरे होती, पूर्वजांची पूजास्थाने होती, कुळांच्या वाटण्या होत्या. शहर कोऱ्या पाटीवर लिहिले गेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर तेथील आजच्या जीवनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होत नाही.

मात्र हा भाग गरीब होता, यात संशय नाही. नदीपलीकडे हाँगकाँगचे दिवे दिसत आणि ते पाहून हजारो तरुण रात्री खाडी पोहून पलीकडे जाण्याचा प्रयत्न करीत. कित्येक बुडाले. १९६२ आणि १९७९ या वर्षी अशा पलायनाच्या मोठ्या लाटा आल्या. माणसे अडविण्यापेक्षा त्यांस अलीकडेच काम मिळेल असे करावे, हा विचार त्यानंतर बळावला. मार्च १९७९ मध्ये तालुक्याचे रूपांतर शेन्झेन शहरात झाले आणि २६ ऑगस्ट १९८० रोजी त्यातील ३२७.५ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणून मुक्रर करण्यात आले. परदेशी भांडवलास तेथे कारखाने काढण्याची मुभा मिळाली.

पुढील वाढ शिरगणतीच्या आकड्यांवरून पाहावी. २००० साली लोकसंख्या ७० लाख होती, २०१० साली १ कोटी ३ लाख, आणि २०२० साली १ कोटी ७५ लाख. म्हणजे एकेचाळीस वर्षांत पन्नासपटीहून अधिक वाढ झाली. जन्म-मृत्यूंच्या नैसर्गिक हिशोबाने असे घडणे अशक्य आहे. एखादी लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होते असे धरले, आणि हा वेग काही कमी नव्हे, तरी तेवढ्या काळात तीन लाखांचे जेमतेम दहा लाख होतील. बाकीचे सारे बाहेरून आले. हूनान, स्छ्वान, ज्यांगशी, ग्वांगशी अशा प्रांतांतून, बव्हंशी खेड्यांतून, आणि बव्हंशी तरुण वयात. म्हणूनच २०२० च्या गणनेत ६५ वर्षांवरील माणसांचे प्रमाण अवघ्या चीनमध्ये शेकडा १३.५ असताना शेन्झेनमध्ये ते शेकडा ३.२२ एवढेच भरले. मूळच्या रहिवाशांची कँटनी व हक्का बोली बाजूस पडून उत्तरेकडील प्रमाण भाषा येथील व्यवहाराची भाषा झाली. प्रत्येकजण परका असल्यावर कोणाचीच बोली चालत नाही, ती सर्वांना शाळेत शिकविलेलीच चालते.

ही माणसे राहावयाची कोठे? सरकारी बांधकामाचा वेग त्या काळी दंतकथेसारखा झाला होता. १९८५ साली पूर्ण झालेली, १६० मीटर उंचीची त्रेपन्न मजली व्यापार-केंद्राची इमारत दर तीन दिवसांस एक मजला या गतीने चढली. त्यात जादू नव्हती. काँक्रीट ओतण्याचा साचा प्रत्येक मजल्यास उकलून पुन्हा बांधण्याऐवजी तो जॅकच्या साहाय्याने हळूहळू वर सरकवीत नेण्याची पद्धत तेथे वापरली होती. १९८३ मध्ये बांधकाम खात्याचे सुमारे वीस हजार सैनिक सेवामुक्त करून याच शहरात ठेवून घेण्यात आले. सुरुवातीचे रस्ते व इमारती पुष्कळशा त्यांच्या हातच्या आहेत. परंतु कारखान्यात येणाऱ्या लाखो कामगारांसाठी घरे बांधणे कोणाच्याच हिशोबात नव्हते. ती कामगिरी बजावली, ती जुन्या गावकऱ्यांनी.

हस्तांदोलनाची घरे

चीनच्या १९८२ च्या राज्यघटनेप्रमाणे शहरातील जमीन राज्याची असते आणि खेड्यातील जमीन गावाच्या समूहाची. शहर पसरू लागले तसतशी सरकारने शेते घेतली. परंतु गावठाण, म्हणजे घरांच्या जागा, गावकऱ्यांकडेच राहिल्या. शेती गेली, हाती राहिला घरापुरता तुकडा. त्या तुकड्यावर गावकऱ्याने पूर्वीचे कौलारू घर पाडून दुमजली घर बांधले, मग त्यावर तिसरा मजला, आणि पुढे सहा, सात, आठ मजले. भाताच्या जागी भाडेकरू पिकू लागले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. सभोवती काचेचे मनोरे आणि मध्ये अशी दाटीने उभी गावे, हे शेन्झेनचे खास रूप होय. चिनी भाषेत यांस ‘शहरातील गाव’ असेच नाव आहे.

या गावांतील इमारती एकमेकींस इतक्या बिलगून असतात की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन शेजारी हात मिळवू शकतील. म्हणून त्यांना ‘हस्तांदोलनाची घरे’ म्हणतात. त्याहूनही जवळ असलेल्यांना लोक थट्टेने ‘चुंबनाची घरे’ म्हणतात, आणि मधल्या गल्लीतून वर पाहिले असता जी आकाशाची चिंधी दिसते तिला ‘एक रेघ आभाळ’. थट्टा बाजूस ठेवून थोडे गणित करून पाहावे. गल्लीची रुंदी एक मीटर आणि इमारतींची उंची वीस मीटर असेल, आणि गल्ली दक्षिणोत्तर असेल, तर दोन्ही भिंतींच्या मधून सूर्यकिरण तळापर्यंत पोचण्यास सूर्य गल्लीच्या अगदी सरळ रेषेत यावा लागतो. दिवसातून मध्याह्नीची वीसेक मिनिटेच असे घडते. तळमजल्यावरील खोलीत म्हणून दिवसाही दिवा जळतो. वारा गल्लीत शिरत नाही, ओले कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. मे महिन्यापासून भिंती रात्रीही उष्णता सोडीत राहतात आणि शीतयंत्रे आपली ऊब त्याच अरुंद गल्लीत ओततात, त्यामुळे बाहेरची हवा आणखी तापते. विजेच्या व दूरध्वनीच्या तारांची जळमटे डोक्यावर लोंबत असतात. आगीचा बंब आत शिरणे कठीण.

असे असूनही नव्याने आलेला मनुष्य प्रथम येथेच येतो, आणि त्यास कारणे आहेत. भाडे परवडते. अनामत रक्कम थोडी लागते. खाली उतरताच पाच पावलांवर शेवयांचे दुकान, न्हावी, औषधवाला, जुन्या मोबाइलची दुरुस्ती करणारा. हूनानचा मनुष्य हूनानची तिखट भाजी रांधणारी खाणावळ शोधतो आणि ती त्यास सापडते. रात्री दोन वाजता कामावरून सुटलेल्यासही गरम अन्न मिळते. रुंद रस्ते व मनोरे आखणाऱ्या अभियंत्यांस ज्याची आठवण राहिली नाही असे सर्व काही या न आखलेल्या गावांत आहे. शहरातील निम्म्याच्या आसपास लोक अशा गावांतून राहत आले आहेत, असा अंदाज अनेकदा दिला जातो. ‘झोपडपट्टी’ हा शब्द त्यांस लावणे चुकीचे ठरेल. घरे पक्की आहेत, पाणी व वीज आहे, आणि घरमालक तर श्रीमंत आहेत.

परंतु जेथे चौरस मीटरचा भाव सोन्यासारखा चढला, तेथे ही गावे टिकणार कशी? १ डिसेंबर १९८७ रोजी शेन्झेनमध्ये ८,५८८ चौरस मीटरच्या एका भूखंडाचा वापरहक्क जाहीर लिलावात ५२ लाख ५० हजार युआनांस विकला गेला. जमीन विकणे तोवर घटनाबाह्य होते. घटनेत दुरुस्ती झाली ती पुढील वर्षी, एप्रिल १९८८ मध्ये. कायदा मागून आला. तेव्हापासून जमिनीची किंमत हेच शहराच्या वाढीचे इंधन झाले, आणि गावठाणे पाडून तेथे मनोरे उभारणे हा सर्वांत किफायतशीर धंदा ठरला. बाइशिझोऊ हे अशा गावांपैकी एक मोठे गाव. सुमारे ०.६ चौरस किलोमीटर जागेत तेथे दीड लाखाच्या आसपास लोक राहत. २०१९ मध्ये ते रिकामे करण्यास आरंभ झाला. घरमालकांस नुकसानभरपाई मिळावयाची होती. भाडेकरूंस खोली सोडण्याची नोटीस मिळाली. भाडेकरूंची मोठी चिंता सामान कोठे न्यावे ही नव्हती, मुलांच्या शाळेची होती. पत्ता बदलला की शाळेतील जागाही डळमळीत होते. याचे मूळ पाहण्यासाठी एका पुस्तिकेकडे वळावे लागेल.

दोन कुंपणे

१९५८ साली चीनमध्ये कुटुंबनोंदणीचा कायदा झाला. त्यास ‘हुकोऊ’ म्हणतात. प्रत्येक मनुष्याची नोंद एका विशिष्ट गावी वा शहरी असते. शिक्षण, आरोग्य, घर, निवृत्तिवेतन या बाबतींतील त्याचे हक्क त्या नोंदीस बांधलेले असतात. रेशनचे धान्यही पूर्वी या नोंदीवरच मिळे, त्यामुळे खेड्यातील मनुष्यास शहरात येऊन राहणे जवळजवळ अशक्य होते. रेशन गेले, माणसे हलू लागली. नोंद मात्र जागच्या जागी राहिली. २०२० च्या सुमारास शेन्झेनच्या १ कोटी ७५ लाख रहिवाशांपैकी शहराची नोंद असलेले सुमारे ५८ लाखच होते. म्हणजे तिघांपैकी दोघे, तेथे दहा-वीस वर्षे राबूनही, कागदोपत्री दुसऱ्या गावचे.

आरंभीच्या काळात हे कागदी कुंपण डोळ्यांना दिसेल असेही होते. विशेष क्षेत्र आणि शहराचा उरलेला भाग यांमध्ये सुमारे ८५ किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण घातले होते. हाँगकाँगची सीमा ती पहिली रेषा, आणि ही ‘दुसरी रेषा’. १९८६ पासून तिच्या नाक्यांवर परवाने तपासले जाऊ लागले. आपल्याच देशातील शहरात शिरण्यास परवाना लागे. कागद जवळ न बाळगणाऱ्यास पकडून गावी परत धाडण्याची सोय देशाच्या नियमांत होती. शेजारच्या ग्वांगझोऊ शहरात एका तरुणाचा अशा कोठडीत मृत्यू झाल्यावर, २००३ मध्ये, ती पद्धत रद्द झाली. तारेचे कुंपण हळूहळू निरर्थक होत गेले, २०१० मध्ये विशेष क्षेत्र सबंध शहरभर वाढविण्यात आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘दुसरी रेषा’ अधिकृतपणे पुसली गेली. काही नाके पाडले, काही ठिकाणी त्यांची नावे बसथांब्यांस उरली आहेत.

कागदी कुंपण मात्र उरलेच, जरी त्यात आता पुष्कळ फटी पडल्या आहेत. चिनी शहरांच्या तुलनेने शेन्झेनने नोंद देण्यात औदार्य दाखविले, विशेषतः पदवीधरांस. इतरांसाठी गुणांची पद्धत आहे. नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणासाठी सरकारी शाळेत प्रवेश हवा असेल तर कुटुंबाची नोंद कोठली, घर स्वतःचे की भाड्याचे, भाडेकराराची नोंद किती महिन्यांची, सामाजिक विम्याचे हप्ते किती वर्षे भरले, या सर्वांचे गुण मांडले जातात. ज्याचे गुण अधिक त्याचे मूल आधी. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या वा रोजंदारीवर काम करणाऱ्या मनुष्यास विम्याची पावती कोठून मिळणार? पुढे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस मूळ प्रांतातच बसावे लागे. ग्वांगदोंगमध्ये २०१६ पासून बाहेरून आलेल्यांच्या मुलांस काही अटींवर ही परीक्षा देता येते. या अडचणींमुळे कोट्यवधी आईबापांनी मुले गावी आजीआजोबांपाशी ठेवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा मागे राहिलेल्या ग्रामीण मुलांची संख्या अवघ्या चीनमध्ये सहा कोटींच्या वर दिली होती. शहराची वाढ मोजताना इमारतींचे मजले मोजले जातात, ही मुले मोजली जात नाहीत. वास्तविक तीही त्याच हिशोबातील आहेत.

कारखान्यातील पहिल्या पिढीचे दिवस कसे होते? अठरा-वीस वर्षांच्या मुली कारखान्याच्या आवारातच, एका खोलीत आठ-आठ, दुमजली पलंगांवर झोपत. दिवसाचे दहा-बारा तास खेळणी शिवीत, तारा जोडीत. पैसे गावी पाठवीत. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शहराच्या पूर्वेकडील एका खेळण्यांच्या कारखान्यास आग लागली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि बाहेर पडण्याची दारे, माल चोरीस जाऊ नये म्हणून, बंद ठेवलेली होती. ८७ कामगार मृत्युमुखी पडले, बहुतेक सर्व तरुण स्त्रिया. चीनचा कामगार कायदा पुढील वर्षी संमत होऊन १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. आजच्या शेन्झेनमध्ये असे कारखाने विरळ झाले आहेत. खेळणी व कपडे अन्यत्र गेले, आणि येथे दूरध्वनी, विद्युत्घट, विमानासारखी उडणारी लहान यंत्रे यांची आखणी होते. दहा-बारा तासांचा दिवस मात्र यंत्रापुढून उठून संगणकापुढे बसला आहे.

पाणी आणि माती

एवढ्या माणसांस पाणी कोठून येते? शेन्झेनच्या हद्दीत मोठी नदी नाही, नैसर्गिक सरोवर नाही. पाऊस भरपूर पडतो, पण लहान टेकड्यांवरून तो झटकन समुद्रास मिळतो. म्हणून बहुतांश पाणी पूर्वेकडील दोंगज्यांग नदीतून, जलवाहिन्या व पंप यांच्या साहाय्याने आणावे लागते. त्याच नदीवर हाँगकाँगही १९६५ पासून अवलंबून आहे. एकाच नदीवर दोन महानगरांचा भार ठेवणे धोक्याचे आहे, हे ओळखून पश्चिमेकडील शीज्यांग नदीचे पाणी आणण्याचे काम २०१९ मध्ये हाती घेण्यात आले. सुमारे ११३ किलोमीटरचा हा मार्ग बराचसा जमिनीखाली ४० ते ६० मीटर खोलीवरून जातो आणि २०२४ च्या आरंभी तो चालू झाला. एवढ्या खोलीचे कारण असे, की वरच्या थरात मेट्रो, पाया, गटारे व तारा यांनी जागा आधीच व्यापली आहे आणि पुढच्या पिढीसही थोडी जागा ठेवावयाची आहे.

सांडपाण्याची कथा इतकी चांगली नाही. नळ घरोघर गेले, गटारे मागे राहिली. शहरातील गावांमधून मैलापाणी सरळ ओढ्यांत जाई आणि माओझोऊ नदी तर काळी व दुर्गंधी म्हणून कुप्रसिद्ध झाली होती. शाजिंगच्या कालवेवाल्यांस आपला व्यवसाय दूरच्या स्वच्छ किनाऱ्यांवर न्यावा लागला. गेल्या दशकात हजारो किलोमीटरच्या नळ्या टाकून ओढे पुष्कळसे स्वच्छ करण्यात आले. हवेच्या बाबतीतही असेच झाले. २०१७ च्या अखेरीस शहरातील सर्वच्या सर्व, म्हणजे १६,३५९ बसगाड्या विजेवर चालू लागल्या. २०२० साली हवेतील सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरास २० मायक्रोग्रॅमच्या खाली आले. मोठ्या चिनी शहरांत ही कामगिरी उत्तम मानली जाते.

पाण्याहून दुर्लक्षित राहिली ती माती. इमारत उंच चढते हे सर्वांना दिसते. तिच्यासाठी किती खोल खणावे लागले, हे दिसत नाही. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद व वीस मीटर खोल असा एका मनोऱ्याचा खड्डा धरला तर दोन लाख घनमीटर माती निघते. मालमोटारीत दहा घनमीटर मावते असे मानल्यास तिच्या वीस हजार खेपा झाल्या. आणि उकरलेली माती फुगते ती निराळीच. शेकडो इमारती व मेट्रोचे बोगदे एकाच वेळी चालू असलेल्या शहरात ही माती टाकावयाची कोठे? ग्वांगमिंग भागातील होंगआओ येथे दगडाची एक सोडून दिलेली खाण होती. तीत पाणी साचलेले होते. ते उपसून काढून, खाली पाणी वाहून जाण्याची पुरेशी सोय करून मग भराव घालावयास हवा होता. तसे झाले नाही. माती येत गेली, ढीग ठरलेल्या उंचीच्या पुष्कळ वर चढला.

मातीचा ढीग उभा राहतो तो कणाकणांमधील घर्षणामुळे. वरच्या भाराने कण एकमेकांवर दाबले जातात आणि घसरण्यास विरोध करतात. परंतु कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्यास निघून जाण्यास वाट नसली, तर भाराचा काही भाग पाणीच उचलून धरते. कणांचा परस्परांवरील दाब तेवढा उणा होतो, घर्षण घटते, आणि बाहेरून घट्ट दिसणारा ढीग आतून द्रवासारखा होऊ लागतो. नदीकाठच्या वाळूत पाय रुतण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्यास हे सहज कळेल. २० डिसेंबर २०१५ रोजी सकाळी, पावसाचा हंगाम नसताना, होंगआओचा ढीग सुटला. सुमारे सत्तावीस लाख घनमीटर माती खालच्या औद्योगिक वसाहतीवर पसरली. ३३ इमारती गाडल्या गेल्या वा मोडल्या. ७३ माणसे मेली, चौघे सापडलेच नाहीत. ही दरड निसर्गाने पाठविलेली नव्हती. ज्या डोंगरातून ती कोसळली तो डोंगरच शहराने केलेला होता. चौकशीअंती २०१७ मध्ये ४५ जणांस शिक्षा झाल्या.

त्या मानाने १८ मे २०२१ ची घटना भयप्रद असूनही निरुपद्रवी ठरली. इलेक्ट्रॉनिक मालाचा प्रचंड बाजार असलेल्या ह्वाच्यांगबेइ भागातील, साडेतीनशे मीटरहून उंच अशी एक इमारत भर दुपारी डोलू लागली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. आतील हजारो लोक जिने उतरून रस्त्यावर धावले. तज्ज्ञांना कारण सापडले ते माथ्यावरील खांबात. उभ्या खांबावरून वारा वाहताना त्याच्या मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सुटतात आणि खांबास आळीपाळीने धक्का देतात. या धक्क्यांची लय आणि रचनेची स्वतःची लय एक झाली, की लहान मुलाने योग्य क्षणी दिलेल्या हलक्या झोक्याने झोपाळा जसा चढत जातो तसे होते. वीस वर्षांच्या वापराने इमारतीची मूळची लयही थोडी बदलली होती. खांब उतरविण्यात आला आणि सप्टेंबरमध्ये बाजार पुन्हा उघडला.

वसंतोत्सव जवळ आला की शहर रिते होऊ लागते. जानेवारी-फेब्रुवारीत, चिनी नववर्षापूर्वी, स्थानकांवर पेट्या, मुलांसाठी घेतलेले नवे कोट, खाऊचे डबे यांची रीघ लागते. शहरातील गावांमधील खाणावळींच्या लोखंडी झडपा खाली येतात, मोटारींनी भरलेले रस्ते मोकळे पडतात, आणि जे मागे उरतात त्यांस न्हावीसुद्धा मिळत नाही. पंधरा दिवसांनी सारे परत येतात, पण सर्वच येतात असे नाही. २०२२ हे वर्ष असे उजाडले की स्थापनेपासून प्रथमच शेन्झेनची लोकसंख्या वर्षाअखेर किंचित घटलेली आढळली. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे शहर आठवडाभर बंदही होते. पुढील वर्षी आकडा पुन्हा चढला.

अलीकडे एक निराळी ये-जा दिसू लागली आहे. पूर्वी मुले गावी आजीकडे राहत. आता आजी शहरात येते. सून व मुलगा कामावर गेले की ती नातवाला घेऊन वसाहतीच्या बागेत बसते. शेजारच्या बाकावर दुसऱ्या प्रांतातील आजी असते. एकीस स्छ्वानची बोली येते, दुसरीस हूनानची, आणि दोघींचीही प्रमाण भाषा तोडकीमोडकी. हातवारे करून त्या दाळीचा भाव, गुडघ्याचे दुखणे व सुनांचे स्वभाव यांविषयी बोलतात. अडेल तेथे चार वर्षांचा नातू मध्ये पडून अर्थ सांगतो. तो येथेच जन्मला आहे. त्याची बोली बालवाडीत शिकलेली, आणि त्याच्या पुस्तिकेत गाव कोणते लिहिले आहे, हे त्यास अद्याप ठाऊक नाही.